जानरावांची साठ मुलं

साठ मुलं निवडायची, त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवायचं आणि शेवटी त्यांच्या शिक्षणाचं काय झालं ते लिहून काढायचं, असं जानराव मेश्रामांनी ठरवलं. स्वतःच्या एकुलत्या एका मुलीवर त्यांनी सलग दहा मिनिटं लक्ष ठेवल्याचा पुरावा मात्र घरात कोणापाशी नव्हता. त्यांच्या बायकोने, कांताबाईंनी, हे बोलूनही दाखवलं. पण पीएच.डी. करणाऱ्या माणसाने घरच्या टीकेकडे दुर्लक्ष करायचं असतं असं जानरावांचं मत होतं, आणि पीएच.डी.तलं दुसरं काहीच अजून सुरू झालेलं नसल्यामुळे त्यांनी दुर्लक्षापासून सुरुवात केली.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. जानराव भिलाईच्या सेक्टर पाचमध्ये राहत आणि तिथल्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या अलॉटमेंट सेक्शनमध्ये बाबू होते. कोणाला कोणता क्वार्टर मिळणार, कोणाचा बदलून मिळणार, हे त्यांच्या टेबलावर ठरतं अशी सगळ्या सेक्टरांची समजूत होती. खरं तर त्यांच्या टेबलावर काहीच ठरत नसे. कागद तिथे फक्त मुक्काम करत. नवा अर्ज आला की तो ट्रेमध्ये सगळ्यात वर पडे, त्यावर दुसरा पडे, आणि सगळ्यात आधी आलेला माणूस सगळ्यात खाली दबून राही. कोणी विचारायला आलं की जानराव मान वर न करता "सोमवारी या" म्हणत. कोणता सोमवार हे त्यांनी चौदा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

लोक त्यांना 'क्वार्टरवाले मेश्राम' म्हणत, आणि ते त्यांना फार लागे. माणसाने नोकरी सांभाळून, रायपूरला बसने ये-जा करून, खाजगीरीत्या शिक्षणशास्त्रात एम.ए. करावं आणि बाजारात भाजीवाल्याने 'क्वार्टरवाले साहब, टमाटर ले लो' म्हणावं, हा विद्येचा अपमान होता. नावामागे 'डॉक्टर' लागल्याशिवाय तो धुऊन निघणार नव्हता.

विषय मात्र त्यांनी हौसेखातर निवडलेला नव्हता. त्यांचे वडील कवडू मेश्राम रेल्वेत गँगमन होते. गँग हलली की घर हले आणि घर हललं की जानरावांची शाळा बदले. चौथीपर्यंत सात शाळा झाल्या. सातही शाळांत त्यांना पाढे शिकवले गेले, पण अपूर्णांक कुठेच भेटले नाहीत. एका शाळेत ते सुरू होण्याआधी गँग हलली, आणि दुसरीत पोहोचले तेव्हा ते शिकवून झाले होते. नव्या वर्गात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं पाव आणि पाऊण बघणारा तो पोरगा जानराव चाळिशी उलटली तरी विसरले नव्हते. म्हणून त्यांना बघायचं होतं, की एकाच शाळेत शांतपणे दहा वर्षं बसायला मिळालेलं मूल कुठवर पोचतं.

रायपूरचे त्यांचे मार्गदर्शक डॉ. अरुणकुमार यांना विषय आवडला. अट एकच होती. सहा शाळांची लेखी संमती आणणे, प्रत्येक शाळेतली पहिलीची दहा मुलं पालकांच्या सहीनिशी नक्की करणे, आणि ही साठ मुलं दुसरीपासून अकरावीपर्यंत त्याच शाळेत राहतील अशी खात्री करून घेणे. मुदत एप्रिलअखेर. आधीच दोनदा मुदतवाढ झाली होती, आणि आता यादी आली नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

"सोपं हाये," जानराव घरी येऊन म्हणाले. "सहा शाळा, साठ सह्या."

कांताबाई अंगणात पपईच्या बुंध्याशी पाणी घालत होत्या. ही त्यांची पाचवी पपई. लग्न होऊन भिलाईत आल्यापासून त्यांना अंगणात आंबा लावायचा होता, पण क्वार्टरात आंबा लावायचा नसतो हा टाउनशिपचा अलिखित कायदा. आंबा फळायला लागतो तोवर माणसाला प्रमोशन मिळतं, मोठा क्वार्टर मिळतो आणि कैऱ्या दुसराच कोणी खातो. म्हणून सगळे पपई लावत, कारण ती वर्षात फळते आणि तिला जीव लावावा लागत नाही. कांताबाईंनी दर वेळी आंब्याचं काढलं की जानराव म्हणत, पुढच्या क्वार्टरात लावू.

शेजारचे भैय्याजी देशमुख कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते आणि कुंपणावर हात ठेवून सल्ला देणं हा त्यांचा दुसरा धंदा होता. त्यांचा सेक्टर नऊचा अर्ज तीन वर्षांपासून जानरावांच्या ट्रेमध्ये होता, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सल्ल्याला मागून त्या अर्जाची शेपटी असे. त्यांचं म्हणणं पडलं की पोरांचा अभ्यास करायला पोरं कशाला पाहिजेत, चार तक्ते काढले की डॉक्टर होता येतं, त्यांच्या मावसभावाचा साडू असाच झाला. आणि मग जाता जाता, तेवढं अर्जाचं बघा. जानरावांनी सवयीने सोमवार सांगितला.

जानेवारीत जानराव टाय लावून पहिल्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका रत्नमालाबाई किनखेडे यांनी त्यांना पाहताच वर्ग सोडला, खुर्ची पुसली, चहा मागवला. विद्येचा इतका मान बघून जानराव सुखावले. त्यांनी दीर्घकालीन अभ्यासाचं महत्त्व वीस मिनिटं समजावलं. बाईंनी ते डोळे मिटून ऐकलं आणि मग हलकेच विचारलं, "मंग मेश्रामजी, माह्या किचनची गळती पाहाले कदी येता?"

जानरावांना चहा कडू लागला. गळतीचं खातं वेगळं, आपण आलो ते संशोधक म्हणून, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि गळत्या घरातून निघून सेक्टर दोनमध्ये, आईच्या घराजवळ जाण्यासाठी आपण कधी अर्ज केला त्याची तारीख सांगितली. संमतीबद्दल त्या म्हणाल्या, आपली काही हरकत नाही, फक्त शिक्षण खात्याची परवानगी आणा. उरलेल्या पाच शाळांनीही चहा पाजून हेच सांगितलं.

टाउनशिपच्याच शिक्षण खात्यात बळीराम नावाचे बाबू होते. त्यांनी जानरावांचा अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाले की आधी शाळांची संमती आणा, मग परवानगी देऊ. शाळा म्हणतात आधी परवानगी, असं जानरावांनी सांगितलं. बळीरामांनी सहानुभूतीने मान डोलावली, अर्ज ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवला आणि मान वर न करता म्हणाले, "सोमवारी या."

तो सूर जानरावांना कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. चार सोमवार ते आले. टेबलाच्या या बाजूची खुर्ची किती टोचते हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. चौथ्या सोमवारी बळीराम चष्मा पुसत म्हणाले, "मेश्रामभाऊ, मी तुमच्याकडं एकवीस सोमवार आलो होतो. मोजून ठेवले हायेत."

जानराव तडक ऑफिसात आले, ट्रे उलटा केला आणि तळाशी बळीरामांचा अर्ज सापडला. त्यावर नियमाप्रमाणे हक्काचा क्वार्टर निघत होता, फक्त जानरावांची दोन ओळींची टीप राहिली होती. त्यांनी ती लिहिली. लागलीच रत्नमालाबाईंचाही अर्ज हाती लागला म्हणून त्यावरही लिहिली. आठवड्यात परवानगी आली, पाठोपाठ सहाही शाळांची संमती आली, आणि जानरावांनी भैय्याजींना कुंपणापाशी सांगितलं की शास्त्रीय दृष्टी असली की अडचणी आपोआप सुटतात.

आता राहिले पालक. फेब्रुवारीत सगळ्यांची एक सभा रत्नमालाबाईंच्या शाळेत भरली. जानरावांनी हिंदीत भाषण तयार केलं होतं. आपलं मूल या यादीत येणं हा बहुमान आहे, ते दहा वर्षं याच शाळेत शिकेल, दर वर्षी आम्ही त्याची प्रगती मोजू, असं सगळं ते मनापासून बोलले. शेवटी काही शंका आहे का विचारलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"मतलब साहब, दस साल तक क्वार्टर नहीं बदलेगा?"

संशोधक म्हणून जानराव प्रामाणिक होते. ते म्हणाले, जहाँ तक हो सके, नहीं बदलना चाहिए.

हेच वाक्य एखाद्या प्राध्यापकाने उच्चारलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवून घर गाठलं असतं. पण बोलणारे होते क्वार्टरवाले मेश्राम. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत सहाही सेक्टरांत बातमी पसरली की ज्यांची पोरं यादीत आली त्यांचे क्वार्टर दहा वर्षं गोठणार. बरं, यादीतून नाव काढून घ्यायची कोणाची छाती होईना, कारण उद्या याच टेबलाशी गाठ आहे. तेव्हा यादी लागायच्या आत घर बदलून घ्यावं, असा शहाणा विचार प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला.

जानराव ऑफिसात पोचले तर टेबलासमोर रांग. ज्यांचे अर्ज जुने होते ते आठवण द्यायला आले होते आणि ज्यांनी केलेच नव्हते ते लिहून आणले होते. सगळ्यांचं म्हणणं नम्र होतं. आधी आमच्या अर्जाचं होऊ द्या, मग तुमच्या कागदावर आम्ही हसत सही करू. एकजण तर जामुलहून आला होता. तो सिमेंट कारखान्यात होता, त्याचा टाउनशिपशी काही संबंध नव्हता, पण रांग पाहून उभा राहिला होता.

एप्रिलअखेर डोळ्यांसमोर होती. जानरावांनी बाह्या सरसावल्या. नियमात बसणारा प्रत्येक अर्ज ते पुढे सरकवू लागले, आणि दुर्दैवाने बहुतेक सगळे नियमात बसत होते. चौदा वर्षांत झालं नव्हतं तेवढं काम त्यांनी दोन महिन्यांत केलं. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. बिचारे भैय्याजी तेवढे कोरडे राहिले, कारण त्यांची मुलं कॉलेजात होती आणि संशोधनाच्या उपयोगाची नव्हती.

आता कोणी म्हणेल, माणसाला एवढं कळू नये? पण जानरावांचं काय होतं, दहा ते पाच टेबलाशी बसणारे मेश्राम आणि संध्याकाळी टाय लावणारे मेश्राम यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. एक मेश्राम अर्ज मोकळे करत होते, दुसरे मेश्राम सह्या गोळा करत होते, आणि दोघेही आपापल्या कामावर खूष होते. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला सहा संमतिपत्रं आणि साठ सह्यांचं बाड घेऊन जानराव रायपूरला गेले. डॉ. अरुणकुमारांनी ते चाळून म्हटलं की इतकी नेटकी यादी आजवर कोणी आणली नव्हती. त्या दिवशी कांताबाईंनी शेवया केल्या.

जूनमध्ये दुसरं सुख आलं. त्या दोन महिन्यांच्या धडाक्यामुळे जानरावांचं हेड क्लार्क म्हणून स्टोअर्समध्ये प्रमोशन निघालं, आणि त्यासोबत सेक्टर दहामधला मोठा क्वार्टर. कांताबाई तो बाहेरून बघायला दोनदा बसने जाऊन आल्या. मागचं अंगण चांगलं ऐसपैस होतं, आणि आंबा कोणत्या कोपऱ्यात लावायचा ते त्यांनी कुंपणाबाहेर उभं राहूनच ठरवून टाकलं.

जुलैत शाळा उघडल्या आणि डॉ. अरुणकुमार साठ मुलांची पहिली भेट घ्यायला भिलाईत आले. जानराव त्यांना घेऊन पहिल्या शाळेत गेले. रत्नमालाबाईंच्या खुर्चीत दुसऱ्याच बाई होत्या. रत्नमालाबाई आईजवळ सेक्टर दोनमध्ये राहायला गेल्या होत्या आणि तिथल्याच शाळेत बदलून गेल्या होत्या. असो, म्हणून जानराव दुसरीच्या वर्गात गेले आणि यादीतली दहा नावं त्यांनी मोठ्याने वाचली. दोन मुलांनी हात वर केले. त्यातली एक त्यांचीच मुलगी शालू होती.

जानरावांनी नावं पुन्हा वाचली. हात दोनच राहिले. वर्गशिक्षिका म्हणाल्या की उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्याच जणांचे क्वार्टर बदलले, यंदा काय झालं कोण जाणे, अलॉटमेंटवाल्यांनी एकदम धडाका लावला. डॉ. अरुणकुमारांनी जानरावांकडे पाहिलं. जानराव फळ्याकडे पाहू लागले.

दुसऱ्या शाळेत एक मूल सापडलं. तिसऱ्यात तीन. सहा शाळा मिळून साठातली अकरा उरली होती. शेवटच्या शाळेच्या आवारात लिंबाखाली एक बाक होता, त्यावर दोघं बसले. जानरावांना आता दोन्ही मेश्रामांची ओळख झाली होती आणि दोघांचीही लाज वाटत होती. आपल्याच हाताने आपण एकोणपन्नास पोरांची गँग हलवली. आपला बाप निदान हुकमाचा ताबेदार होता. आपण तर हौसेने केलं.

"मेश्रामजी," डॉ. अरुणकुमारांनी विचारलं, "ये बच्चे हैं कहाँ?"

जानरावांनी न पाहता सांगायला सुरुवात केली. यादीतला तिसरा सेक्टर सातला, स्ट्रीट सतरा, क्वार्टर चार-बी, म्हणजे आता तिथल्याच शाळेत असणार. पाचवी सेक्टर दहाला, तिच्या आजीला जिना चढवत नाही म्हणून खालचं घर दिलंय. नववा आणि चाळिसावा सेक्टर सहाला एकाच रस्त्यावर, पण त्यांच्या बापांचं पटत नाही. असं करत एकोणपन्नास पत्ते त्यांनी एका दमात सांगितले. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं. ते फक्त गुन्हा कबूल करत होते.

अरुणकुमार कागद काढून लिहून घेत होते. त्यांचं म्हणणं असं पडलं की जागेवर राहणाऱ्या मुलांचा अभ्यास पुष्कळांनी केला आहे. शाळा बदलणाऱ्या मुलांचा कोणी करत नाही, कारण पोरगं एकदा शाळेतून गेलं की कुठे गेलं ते कोणालाच सापडत नाही. इथे मात्र ते एका माणसाला तोंडपाठ आहे. अकरा राहिलेली, एकोणपन्नास हललेली, विषय तोच ठेवा आणि उलटा करा. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "पर इसके लिए दस साल आपको उसी कुर्सी पर बैठना पड़ेगा. बैठेंगे?"

जानराव घरी आले ते सायकल हातात धरून, चालत. स्टोअर्समध्ये गेलं की या पोरांचे पत्ते हातून गेले. टेबलाशी राहिलं की प्रमोशन गेलं, सेक्टर दहा गेलं आणि अंगणही गेलं. ते प्रमोशन एकट्याचं असतं तर त्यांनी तिथेच लिंबाखाली सोडलं असतं. पण त्यात कांताबाईंना चौदा वर्षं सांगितलेला 'पुढचा क्वार्टर' होता.

त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कांताबाईंनी ऐकून घेतलं आणि उठून चूल पुसायला लागल्या, जी आधीच पुसलेली होती. त्यांना वाईट वाटलं, आणि राग आला, आणि आपल्या नवऱ्याचा इतका उतरलेला चेहरा आपण कधी पाहिला नव्हता याचंही वाईट वाटलं. दोन दिवस त्या कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी शालूची वही चाळता चाळता त्यांनी विचारलं, "ते अपूर्णांक कोणत्या वर्गात शिकवतेत?"

"आता चौथी-पाचवीत," जानराव म्हणाले.

"अन् तुमी मंग शिकले कदी?"

"शिकलोच नाई. एम.ए.ले लागत नाई ते."

कांताबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसल्या, आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, "पोरीले तं येऊ द्या. इथंच राहू. लिहून द्या तुमच्या साहेबाले, प्रमोशन नाई पायजे म्हणून."

जानरावांनी लिहून दिलं. साहेबांना वाटलं, ट्रेमध्ये काहीतरी गैरव्यवहार असणार, आणि त्यांनी तो स्वतः तपासून पाहिला. त्यात भैय्याजींच्या अर्जाशिवाय काही निघालं नाही.

रविवारी कांताबाईंचा भाऊ उतईहून आला. येताना त्याने ओल्या पोत्यात गुंडाळून गावठी आंब्याचं वीतभर रोप आणलं होतं. कांताबाईंनी पाचवी पपई स्वतःच्या हाताने काढली आणि त्या जागी जानरावांना खड्डा खणायला लावला. संशोधक घामाघूम झाले. शालू मातीची ढेकळं फोडत होती. कुंपणावर हात ठेवून भैय्याजी हे सगळं अविश्वासाने बघत होते.

"बाई, क्वार्टरात आंबा कावून लावून राहिल्या जी?" ते शेवटी म्हणाले. "आठ वर्षं लागतेत फळाले."

"आमाले दहा हायेत," कांताबाई म्हणाल्या, आणि रोपाभोवतीची माती त्यांनी तळव्याने दाबून बसवली.

भैय्याजींनी रोपाकडे पाहिलं, मग कुंपणापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं, मग उद्या फांद्या कोणत्या बाजूला झुकतील त्याचा अंदाज घेतला. निम्मं झाड सरळ त्यांच्या अंगणात येत होतं. त्यांच्या घरात लोणचं विकतचं येत असे आणि ते त्यांना आवडत नसे.

"जानरावभाऊ," ते जरा कुंपणावर वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "माहा तो सेक्टर नऊचा अर्ज हाये ना, तो जरासा खालीच दाबून ठेवा."